आधी ना दाखवा

माझ्या बहिणीच्या निकाहाच्या दिवशी, दुपारच्या नमाजनंतर, मांडवात बातमी आली की मुलीनं नकार दिला. बातमी खोटी नव्हती, अपुरी होती. तिनं नकार दिला होता हे खरं. तो तिला द्यायला सांगितला होता, हे बातमी नेणारीला माहीत नव्हतं. वर्तमानपत्रात बरीच वर्षं काढल्यामुळे अपुऱ्या बातमीचा वेग मला ठाऊक आहे. घराच्या खिडकीतून मांडवात, मांडवातून चुलाण्यापर्यंत आणि तिथून शेजारच्या किराणा दुकानात ती पोचली, तोवर मला माझी चप्पलही सापडली नव्हती.

हे कसं झालं ते कळायला, आमच्या घरात नकार कसा चालायचा ते आधी सांगायला हवं.

आमचं घर पिंजाऱ्याचं. जिंतूर तालुक्यातल्या बोरीत, रस्त्याला लागून पुढं दुकान आणि मागं घर. अब्बा कापूस पिंजतात, गाद्या आणि रजया भरतात. पिंजायचं यंत्र सुरू झालं की दुकानात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. गादी केवढी हवी, जुना कापूस वापरायचा की नवा, हे गिऱ्हाईक आणि अब्बा हातांनीच ठरवतात. माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. यंत्र चालू असताना दुकानातले सगळेच तिच्यासारखे होत, आणि लहानपणापासून तिची बसायची जागा तीच. पुढं रजईवर टाके घालायचं काम तिनं अम्मीकडून उचललं. दुकानाच्या पाटीवर अब्बांचं नाव आहे, पण गावात पत्ता सांगताना लोक 'गूंगीचं दुकान' म्हणत. तसं म्हणण्यात कोणाचा वाईट हेतू नसे. पाटीपेक्षा ते लवकर कळायचं, इतकंच.

घरातली माणसं तिनं खुणांनी ओळखीची केली होती. दाढीवरचा कापूस झटकला की अब्बा. नाकपुडीवर बोट टेकवलं की चमकीवाली अम्मी. हवेत लिहिलं की मी. चार बोटं अंगठ्यावर भराभर आपटली, म्हणजे न थांबणारं तोंड केलं, की परभणीची फुफी, अब्बांची मोठी बहीण. फुफीनं एकदा या खुणेचा अर्थ विचारला. अम्मीनं सांगितलं, "तुम दुआ करते ना सबके वास्ते, वो." फुफीला ते इतकं आवडलं की ती स्वतःच चारचौघांत स्वतःची ती खूण करून दाखवू लागली.

आमच्या बोलीतला 'नक्को' मराठीच्या 'नको'वरून आलेला आहे, पण दस्तरखानावर, जेवणाच्या पंगतीत, त्याचा अर्थ बदलतो. वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, खाणाऱ्यानं नक्को म्हणायचं, वाढणाऱ्यानं तरी वाढायचं. पहिला नक्को ही रीत, दुसराही रीतच. तिसऱ्यानंतर कोणी जरा थांबून विचार करतो. माझ्या बहिणीचा नक्को म्हणजे ताटावर आडवा धरलेला तळवा. बोलणाऱ्याला तीनदा नक्को म्हणता येतं, आवाज चढवता येतो. तळवा एकच असतो. वाढणारी तो हळूच उचलून बाजूला करी आणि वाढून मोकळी होई. "शरमारी बच्ची," असं वर कौतुकही होई. अशा रीतीनं तिचा नकार घरातल्या प्रत्येकानं कधी ना कधी स्वतःच्या हातानं बाजूला केलेला होता.

होकारासाठी तिला खूण लागलीच नाही. ती गप्प आहे म्हणजे हौ, असा घराचा हिशोब होता, आणि ती तर कायमच गप्प.

बातमीत जेव्हा कोणी काही बोललेलं नसतं पण छापायचं असतं, तेव्हा आम्ही शेवटी 'असे समजते' लिहीत असू. माझ्या बहिणीबद्दल घरात आणि गावात जे काही ठरे, ते सगळं 'समजते' याच सदरात होतं. गावातल्या मुली मशिदीशेजारच्या खोलीत कुराण शिकायला जात, तिथून तिला पहिल्याच आठवड्यात परत पाठवलं. शिकवणाऱ्या बाई प्रेमळ होत्या. त्या म्हणाल्या, "इसकू माफ है." पुढं बऱ्याच गोष्टी तिला माफ होत गेल्या. नातेवाइकांच्या लग्नाला येणं माफ, ईदला घरोघर भेटायला जाणं माफ. माफ हा शब्द ऐकायला मऊ आहे. आमच्या रजईसारखा तो माणसाला पूर्ण झाकतो.

ती वयात आली तेव्हा शेजारच्या तालुक्यातून एक स्थळ आलं. माणूस बिजवर, मुलं मोठी. त्याच्याकडच्या बायका बघायला आल्या. त्यांच्यातली वयस्कर बाई अम्मीला म्हणाली, "हमारे वहाँ सब बोलनेवालेच हैं. एक चुप रहनेवाली होना." सगळ्या हसल्या. बहिणीला शब्द कळले नाहीत, हसणं दिसलं. अम्मीनं तिला खुणेनं विचारलं. तिनं समोरच्या रिकाम्या हवेवर तळवा आडवा धरला आणि पुढं ढकलला.

"शरमारी," फुफी म्हणाली. बायकांनी मिठाईचा डबा पुढं केला, अम्मीनं घेतला, दुआ झाली. पाहुण्या बसथांब्याकडं निघाल्या.

पाठोपाठ बहीण निघाली. डबा तिच्या हातात. थांब्यावर त्यांची जीप भरायची वाट बघत उभी होती. तिनं डबा त्या वयस्कर बाईच्या मांडीवर ठेवला. बाईला वाटलं, मुलीकडून परतीचा मान आला. ती म्हणाली, "नक्को नक्को, रखो बेटी," आणि डबा परत दिला. बहिणीनं पुन्हा ठेवला. बाईनं पुन्हा दिला. जीपमधले बाकीचे प्रवासी दोघींच्या अदबीकडं बघत राहिले. शेवटी बहिणीनं डबा जीपच्या बोनेटवर ठेवला, बाईकडं तोंड करून तळवा ढकलला आणि सरळ घरी आली. जीप सुटायच्या आधी ड्रायव्हरनं डबा उघडून सगळ्यांना बर्फी वाटली. स्थळ तिथंच संपलं.

त्यानंतर बरेच दिवस गावात दोन मतं होती. एक, मुकी असून नाकात वारं. दुसरं, जे शेजारच्या किराणा दुकानातल्या काकूंनी अम्मीला उंबऱ्यावरून सांगितलं: "लय बेस केलं पोरीनं. म्या असते तं डबा तिच्या डोस्क्यावर उपडा केला असता." काकूंचं घर लिंगायत, आमच्या भिंतीला भिंत. बहिणीनं शिवलेली रजई त्यांच्या घरात प्रत्येक बाळंतिणीला गेलेली आहे. काकूंशी ती हातांनी बोले आणि काकू तिच्याशी जिंतुरी मराठीत मोठ्यानं बोलत. दोघींचं अडलेलं मी कधी पाहिलं नाही.

नवरदेव तिला अब्बांच्या एका गिऱ्हाइकामुळे मिळाला. देवगाव फाट्यावर, बसगाड्या थांबतात तिथं, एका तरुणाचं शिलाईचं दुकान आहे. त्यालाही ऐकू येत नाही. तो परभणीतल्या निवासी शाळेत शिकला, तिथली हातांची भाषा त्याला पूर्ण येते. गिऱ्हाइकानं अब्बांना त्याचा मोबाइल नंबर दिला आणि मी विचार न करता म्हणालो, "फोन करून बघू." अब्बा माझ्याकडं बघत राहिले. मग आम्ही व्हिडिओ कॉल लावला.

पहिल्या कॉलला दोघांचं काहीच जमलं नाही. तिच्या खुणा आमच्या घराबाहेर कोणाला कळत नव्हत्या आणि त्याच्या तिला. पण दोघंही वैतागले नाहीत. त्यानं कात्री दाखवली आणि कात्रीची खूण केली. तिनं सुई दाखवली. तो कॉल लांबत गेला. पुढच्या काही महिन्यांत ती त्याची भाषा शिकली आणि त्यानं तिच्या काही खुणा उचलल्या. फुफीची खूण त्यानं सगळ्यात आधी उचलली.

लग्नाआधी मुलामुलीनं एकट्यानं बोलू नये, म्हणून अब्बा कॉलच्या वेळी शेजारी बसत. हातात जपाची तसबीह, नजर मोबाइलवर. समोर हातांच्या दोन जोड्या भराभर चालत, मधेच दोघं पोट धरून हसत, आणि अब्बांना एक शब्द कळत नसे. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "क्या बोलरा उने?"

"मला तरी कुठं कळतंय?"

"फिर मैं बैठके क्या कर्रा?"

मी म्हणालो, "पहारा."

अम्मीला एक गोष्ट खटकत होती. मुलगा सारखी मूठ मिटून मनगटातून वर-खाली हलवायचा. आमच्या घरात या खुणेचा अर्थ मिरची कुटणं. अम्मी म्हणाली, "दिखने में दुबला है, पर खाने का बडा शौकीन दिख्रा. रोज मसाले की बात करता." त्याच्या शाळेत मूठ हलवणं म्हणजे मान हलवणं, म्हणजे हो. हे कळलं तोवर अम्मीनं मुलाकडच्यांसाठी डबाभर मसाला कुटून ठेवला होता. तो पाठवला. मुलाच्या आईनं उलटा निरोप दिला की आम्ही मागितला नव्हता, पण आता दर महिन्याला पाठवा.

स्थळ पक्कं झालं. मुलाकडची माणसं बोरीत आली, अब्बांनी त्यांच्यासाठी येलदरी धरणावरून मासे मागवले, आणि जेवताना प्रश्न निघाला की कुबूल कोण म्हणणार.

आमच्याकडं निकाहाच्या वेळी नवरी आत बायकांत असते आणि काजी बाहेर मांडवात. तिच्या बाजूचा एक जण वकील होतो. हा कोर्टातला वकील नव्हे. नवरीला विचारून तिचा होकार बाहेर काजीपर्यंत नेणारा माणूस. सोबत दोन गवाह. मी बऱ्याच निकाहांत गवाह म्हणून आत गेलेलो आहे. नवरी ओढणीत मान खाली घालून बसलेली असते, आजूबाजूच्या बायका रडत असतात. वकील विचारतो. नवरीच्या तोंडून हौ निघालेलं मी स्वतः क्वचितच ऐकलं. मी ऐकलं ते शेजारच्या मावशीचं, "हौ बोली, हौ बोली, जाव." मग आम्ही बाहेर येऊन सांगतो की मुलीनं कबूल केलं. म्हणजे 'असे समजते'.

त्यामुळे पाहुण्यांत कोणीतरी म्हणालं ते रीतीला धरूनच होतं: "लडकी की तरफ से बाप बोल देंगे. लडकी की चुप्पी हौच है." सगळ्यांनी माना हलवल्या. अब्बांनीही.

रात्रीची भांडी आवरून झाल्यावर बहीण माझ्यासमोर येऊन बसली. जेवताना काय चाललं होतं ते तिनं विचारलं. मी जमेल तसं सांगितलं. अब्बांची दाढी, मग तोंडातून निघणारा शब्द, मग तू गप्प. तिनं अब्बांची खूण केली आणि तळवा आडवा धरून ढकलला. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि मूठ हलवली. अब्बा नको, हो मी म्हणणार.

हे मी अब्बांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही दोघं जिंतूरला काजीसाहेबांकडं गेलो.

काजीसाहेब मध्यमवयीन, कमी बोलणारे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. ज्याला बोलता येत नाही त्याचा स्पष्ट इशारा हाच त्याचा शब्द, यात त्यांना काही अडचण वाटली नाही. अब्बांना हायसं वाटलं. उठताना त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, "मतलब इने हौ का इशारा करे तो बस?"

काजीसाहेब म्हणाले, "बस नै. पहले मेरेकू उसकी ना दिखाव."

"ना?"

"जिसकी ना मेरे समझ में नै आई, उसकी हौ मैं कैसे लिखूँ?"

ज्या माणसाच्या नकाराची खूण कोणाला ओळखू येत नाही, त्याच्या होकाराला किंमत काय, असा त्यांचा मुद्दा होता. मी बातम्या तपासायचं काम करत आलो आहे. इतका साधा तपास मला सुचला नव्हता.

घरी येऊन अब्बांनी अम्मीला आणि मामूंना समोर बसवलं. मामू म्हणजे अम्मीचे भाऊ. वकील तेच होणार होते. अब्बांनी विचारलं, "इसकी ना कैसी रहती?"

मामूंनी तर्जनी हलवली. अम्मी म्हणाली, तसं नाही, ती नजर खाली करते, आणि करून दाखवली. अब्बा म्हणाले, "इने ना बोली कब? मैं तो देख्याच नै." तिघं एकमेकांना आपापली ना दाखवत होते आणि बहीण दारात उभी राहून बघत होती. तिला हसू आवरेना. ती पुढं आली, हवेवर तळवा आडवा धरला आणि ढकलला.

"ये तो शरमाना है," अब्बा म्हणाले.

तिला ते ऐकू आलं नाही, पण अब्बांचा चेहरा तिला वाचता येतो. ती आत गेली, डाळीचा एक डबा घेऊन आली आणि तो अम्मीच्या मांडीवर ठेवला. अम्मीच्याच हातांनी तो परत आपल्याकडं ढकलला. पुन्हा ठेवला. मग दोन पावलं चालून तो शिलाई मशीनवर ठेवला, अगदी जीपच्या बोनेटवर ठेवल्यासारखा, आणि अब्बांकडं तोंड करून तळवा ढकलला.

अब्बा डब्याकडं बघत राहिले.

"हौ गे," ते म्हणाले. "ये तो ना-च थी."

मग त्यांनी आपला स्वतःचा तळवा आडवा धरून बघितला. तिनं त्यांचं मनगट धरून तो जरा पुढं ढकलायला लावला. असा.

काजीसाहेबांची अट घरातल्या घरात ठेवायची ठरली. निकाहात नवरी आधी ना म्हणणार, हे बाहेर गेलं तर गाव त्याचं काय करेल याची सगळ्यांना कल्पना होती. फुफी लग्नाच्या सकाळी परभणीहून यायची होती. तिला सांगायचं नाही, यावर एकमत झालं. फुफीला सांगणं आणि भोंग्यावरून पुकारणं यात आमच्याकडं फारसा फरक मानत नाहीत.

लग्नाच्या दिवशी मांडव दुकानासमोर होता. बायकांची बसायची सोय आत, शिवाय काकूंचं अंगण मोकळं करून घेतलं होतं. काकूंनी त्यांच्या घरच्या पाहुण्यांसाठी वेगळी चूल मांडून वरण-भात आणि शिरा स्वतः केला. आमच्या चुलाण्यावर मोठ्या देगांत बगारा खाना, म्हणजे फोडणीचा भात, आणि मटणाचा दालचा. बावर्ची जिंतूरचा होता, तोंडाचा फटकळ. त्यानं सकाळीच मला सांगून ठेवलं, "देग खुली की फिर मैं किसी के वास्ते रुकता नै. निकाह वक्त पे होना."

देवगाव फाट्याहून बारात वेळेवर आली. नवरदेवाच्या शाळेतले मित्रही आले होते, पाच-सहा जण, सगळे हातांनी बोलणारे. मांडवात सगळ्यात जास्त गप्पा त्यांच्या कोपऱ्यात चालल्या होत्या आणि सगळ्यात कमी आवाजही तिथंच.

नमाजनंतर काजीसाहेब स्वतः आत आले. खोलीच्या दारात पडदा लावला होता. दुकानातलीच रजईची नवी खोळ, हिरव्या नक्षीची. पडद्याच्या एका बाजूला बहीण आणि बायका. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर काजीसाहेब, शेजारी मामू, आणि गवाह म्हणून मी आणि मुलाकडचे एक गृहस्थ. मी पडद्याच्या कडेला असा उभा होतो की बहिणीला मी दिसेन. पडद्याच्या मधून तिनं दोन हात बाहेर काढले. कोपरापर्यंत मेंदी, बोटांवर सुईच्या जुन्या खुणा.

"पहले ना," काजीसाहेब म्हणाले.

मी खुणेनं सांगितलं. तिनं तळवा आडवा धरला आणि पुढं ढकलला.

"एक बार और."

तिनं पुन्हा ढकलला. या वेळी इतका ठाम की पडदा हलला.

फुफी आत खिडकीशी बसली होती. काजीसाहेब काय म्हणाले ते तिला बायकांच्या गलक्यात ऐकू आलं नव्हतं. तिला दिसलं ते इतकंच की काजी समोर आहे, विचारणं चाललं आहे आणि पोरगी तळवा ढकलते आहे. हाच तळवा फुफीनं आयुष्यभर लाजणं म्हणून बघितला होता, कित्येकदा स्वतःच्या हातानं बाजूला करून वर पुऱ्या वाढल्या होत्या. आज तिला तो पहिल्या झटक्यात कळला. ती खिडकीच्या गजांना धरून मांडवाकडं ओरडली, "अगे माँ! लडकी ना बोली! साफ ना बोली!"

सगळा मांडव उठून उभा राहिला. मुलाकडचे ज्येष्ठ अब्बांकडं निघाले, अब्बा काजीसाहेबांकडं निघाले. बावर्चीनं झाकणावर हात ठेवून ओरडून विचारलं, "देग खोलूँ के नक्को?" काकू अंगणातून पदर खोचत आल्या. "आवं, पोरगी न्हाई म्हणली म्हणं? मंग इतका सैपाक कोण खायलाय?" मी चप्पल शोधायचं सोडून अनवाणीच मांडवात धावलो.

सगळ्या मांडवात एकटा नवरदेव शांत बसला होता. फुलांच्या सेहऱ्याआड त्याला कोणाची तोंडं दिसत नव्हती आणि गलका त्याला ऐकू येत नव्हता. त्याच्या काकांनी त्याचा खांदा हलवून घराकडं बोट केलं, मान जोरजोरात आडवी हलवली, छाती पिटली. त्यानं सेहरा बाजूला करून काकांकडं बघितलं. मग शांतपणे शेरवानीतून मोबाइल काढला आणि व्हिडिओ कॉल लावला.

आत बहिणीचा मोबाइल थरथरला. तो तिच्या मांडीखाली असल्यानं सगळ्यात आधी तिलाच कळलं. तिनं तो काढला. काजीसाहेब पडद्यापलीकडं, वकील पडद्यापलीकडं, आणि नवरा-नवरी सगळ्यांना ओलांडून आपसांत बोलू लागले. तिनं सांगितलं काय झालं. ते आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी मांडवाला दिसलं ते इतकंच की नवरदेव मोबाइलकडं बघून आधी थबकला, मग खदाखदा हसला, मग त्यानं मान वर केली आणि चार बोटं अंगठ्यावर भराभर आपटली. त्याचे मित्र हसायला लागले. मला अर्थ कळला. फुफीलाही खिडकीतून तो इशारा दिसला.

"देखो," फुफी डोळे पुसत म्हणाली, "इतने में भी बच्चा मेरेकू दुआ दे रा."

तोवर मी मुलाकडच्या ज्येष्ठांना काजीसाहेबांची अट सांगितली होती. त्यांनी ती दोनदा ऐकून घेतली. त्यांच्यातले एक जण म्हणाले, "पहले बता देते तो कायकू दौडते?"

आम्ही परत पडद्याशी गेलो. आता बायका गप्प होत्या. मामूंनी मेहेरची रक्कम सांगितली, मुलाचं आणि त्याच्या वडिलांचं नाव घेतलं, आणि विचारलं. मी हातांनी विचारलं. पडद्यातून मेंदीची मूठ बाहेर आली आणि मनगटातून वर-खाली हलली.

"ये हौ है?" काजीसाहेबांनी मला विचारलं.

"हौ."

"तुमने पहचानी?" त्यांनी मामूंना विचारलं.

"पहचानी."

मामूंनी पुन्हा विचारलं, मूठ पुन्हा हलली. तिसऱ्यांदा ती विचारायच्या आधीच हलली, आणि आतून फुफीचा आवाज आला, "ये मिरची कायकू कूटरी अब?"

आतल्या सगळ्या बायका हसल्या. निकाहाच्या वेळी आतल्या खोलीतून हसू मी पहिल्यांदा ऐकलं. काजीसाहेबांनी नजर कागदावर ठेवली होती, पण त्यांची दाढी हलत होती.

मांडवात नवरदेवाला विचारलं तेव्हा त्यानं मूठ हलवली, आणि त्याच्या मागं बसलेल्या सगळ्या मित्रांनीही हलवली. बावर्चीनं वाट न बघता देग उघडली.

जेवणाच्या वेळी मी आत बायकांच्या पंगतीकडं गोडाची भांडी पोचवत होतो. खुबानीचं, म्हणजे जर्दाळूचं, मीठं फुफी स्वतः वाढत होती. ते काम ती कोणाला देत नाही. बहीण दस्तरखानावर मधोमध बसली होती, ओढणी मागं सारलेली. तिची वाटी एकदा भरून झाली होती. फुफी दुसऱ्या फेरीला तिच्यापुढं आली. बहिणीनं वाटीवर तळवा आडवा धरला.

फुफीचा हात हवेत थांबला. डावावरून पाकाचा एक थेंब दस्तरखानावर पडला. शेजारच्या दोघीतिघींनी जेवणं थांबवून बघितलं.

"नै होना?" फुफी म्हणाली. "अच्छा. नै तो नै." आणि डाव घेऊन पुढच्या पंगतीकडं वळली.

बहिणीनं आपल्या वाटीकडं बघितलं, मग पुढं चाललेल्या भांड्याकडं, मग माझ्याकडं. तिला मीठं हवं होतं. तिनं रीत म्हणून तळवा धरला होता, सगळे धरतात तसा, तो कोणीतरी उचलेल म्हणून. मी भांडी खाली ठेवून फुफीला हाक मारली.

फुफी परत आली. "क्या हुआ? होना क्या उसकू?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "तिलाच विचारा ना."

फुफीनं डाव भांड्यात ठेवला, हात पदराला पुसला. मूठ मिटली. बऱ्यापैकी चुकीची, अंगठा आत दाबून. ती मूठ तिनं बहिणीच्या चेहऱ्यासमोर वर-खाली हलवली आणि भुवया उंचावल्या. बहिणीनं मूठ हलवली. फुफीला खात्री वाटेना, तिनं परत हलवली. बहिणीनं परत हलवली. दोघी थोडा वेळ अशा समोरासमोर मिरची कुटत राहिल्या, आणि मग फुफीनं वाटी काठोकाठ भरली.